मुंज झाली, आता लस कशाला?

परवा एका मुंजीत पंगतीला बसले होते. बोलता बोलता सांगून गेले, की आमच्या बारा वर्षांच्या चिरंजिवांना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग करणाऱ्या विषाणूविरुद्धची, लस दिली, दुसरा डोस सहा महिन्यांनी. समोर भावजींचा जिलबीचा घास हातातच राहिला. "वहिनी, ती बायकांची लस ना? त्याला काय गर्भाशय आहे?" अख्खी पंगत हसली, वाढपीसुद्धा.

तर मुलग्यांच्या आईबाबांनो, तुमचं असं हसं होऊ नये म्हणून चार गोष्टी सांगते.

लसीचं फक्त नाव वाचा. पुण्यात बनलेल्या लसीचं नाव सर्वाव्हॅक. नावातच सर्व्हिक्स, म्हणजे गर्भाशयमुख, विषय संपला! ती ९ ते २६ वयाच्या मुलग्यांनाही चालते, हे बारीक अक्षरांत असतं, आणि बारीक अक्षरं आपण गृहकर्जाचीही वाचत नाही.

डॉक्टरांनी याच विषाणूने होणाऱ्या घसा, गुदद्वार, लिंग यांच्या कर्करोगाचं नाव काढलं की "मुलगा ऐकतोय" म्हणून उठा.

ग्रुपवर आलेला 'लसीने वंध्यत्व येतं'वाला फॉरवर्ड डॉक्टरांनाच वाचायला द्या.

ऑस्ट्रेलियात २०१३ पासून मुलग्यांना शाळेतच ही लस देतात, ब्रिटनमध्ये २०१९ पासून. देऊ देत. त्यांच्याकडे मुंज कुठे असते? आपल्या बटूला आठव्या वर्षी ब्रह्मचर्याची दीक्षा मिळते, सोडमुंज होईपर्यंत शरीरसंबंधातून पसरणारा हा विषाणू दाराबाहेर ताटकळतो.

लस विषाणूशी गाठ पडायच्या आधी द्यायची असते म्हणे. मग लग्न ठरलं की बघू. पत्रिका, पॅकेज, फ्लॅट जुळलं की मुलीकडच्यांना विचारायचं, "हिची लस झालीय ना?"

आणि शेवटचं, हुकमी वाक्य: "आमचा तसला नाही."

तसला म्हणजे कसला हो? माझी मावशी सत्तेचाळिसाव्या वर्षी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेली. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालेलं, जन्मात एकच पुरुष ठाऊक. काकाही 'तसले' नव्हते. सोवळं नेसून पूजा करायचे, एकादशी कधी चुकवली नाही. हा विषाणू चारित्र्याचा दाखला मागत नाही. बहुतेकांना कधी ना कधी होतो, कळतही नाही, बहुतेकांचा आपोआप जातो. एखाद्या बाईचा मात्र जात नाही, आणि पंधरा-वीस वर्षांनी अंगावरून जायला लागतं. तेव्हा मावशीबद्दल काय काय कुजबुजले लोक! काकांबद्दल एक अक्षर नाही. लस मुलीने घ्यायची, तपासणी मुलीने करायची, पिशवी तिची काढायची, वर बदनामीही तिचीच. आणि तुम्ही पंगतीत हसणार. लाज नाही वाटत?

बरं, सुनेचं सोडा, ती परक्याची पोर. घसा तर तुमच्या पोराचाच आहे ना? या विषाणूने होणारा घशाचा कर्करोग तंबाखूला कधी हात न लावलेल्यांनाही होतो. क्रिकेट अकादमीच्या फीला "मुलगा आहे, करावं लागतं" म्हणता, आणि दोन सुयांना त्याचं गर्भाशय शोधत बसता?

भावजी, तुमचा बंटी मार्चमध्ये पंधराचा होईल. त्याआधी सुरुवात केलीत तर दोन डोस, नंतर तीन. उद्या सकाळी डॉक्टरांची वेळ घ्या. त्यांच्यासमोर हसू नका, तेवढं.