"डुप्लिकेट माल, तीन महिन्यांत ट्रॅक जळाला" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

आमच्या फ्यूएल सेंडर युनिटवरचा, म्हणजे टाकीतली डिझेलची पातळी डॅशबोर्डच्या काट्याला कळवणाऱ्या भागावरचा, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. काटा पावावर असताना खंबाटकी घाटात डिझेल संपलं, पिकअप मालाने भरलेली होती, लाइनमधली एअर काढून गाडी चालू करण्यात दोन तास गेले, असं तुम्ही लिहिलंय. झालेल्या त्रासाबद्दल मनापासून दिलगीर आहोत. फोन दोनदा उचलला गेला नाही, त्याबद्दलही. पार्सल यायला लागलेल्या पाच दिवसांबद्दल वाद घालत नाही.

पण त्यापुढचं वाक्य फार लागलं. "आतला ट्रॅक तीन महिन्यांत जळाला म्हणजे माल डुप्लिकेट, एवढ्याशा तारेचे 1850 रुपये ही लूट आहे." नवं गिऱ्हाईक ऑर्डर देण्याआधी पहिल्यांदा हेच वाचतं, आणि भोसरीतल्या आमच्या छोट्या शेडचे पगार त्याच ऑर्डरींवर निघतात. म्हणून या एका वाक्यावर सविस्तर लिहितो. लांबेल, पण कृपया पूर्ण वाचा.

तुम्हीच रिव्ह्यूमध्ये लिहिलंय की घाटातल्या प्रकारानंतर गॅरेजमध्ये युनिट टाकीबाहेर काढलं, मेकॅनिकने "12 व्होल्ट डायरेक्ट देऊन" बघितलं, आणि परत बसवल्यावर काटा फुलच्या पुढे जाऊन अडकला तो अडकलाच. सर, ट्रॅक, म्हणजे युनिटमधली छापील रोधाची पट्टी, तिथे जळाला.

टाकीत तरंगणारा फ्लोट दांडा वर-खाली करतो, दांड्याबरोबर पत्ती ट्रॅकवर सरकते आणि रोध बदलतो. तुम्ही घेतलेलं युनिट 10 ते 180 ओहमचं आहे. टाकी रिकामी म्हणजे 10, भरलेली म्हणजे 180. गाडीत याला कधीच थेट बॅटरी मिळत नाही. करंट डॅशबोर्डच्या मीटरमधून येतो, आणि ज्या मीटरसाठी हे युनिट आहे तिथे तो 100 मिलिअँपच्या आत असतो. 10 ओहमवर 100 मिलिअँप म्हणजे एक दशांश वॉट, हात लावला तरी कळणार नाही. तेच युनिट टाकीबाहेर काढून हातात धरलं की दांडा आपोआप खाली लोंबतो, म्हणजे ते 10 ओहमवर येतं. अशा वेळी 12 व्होल्ट थेट जोडले तर 1.2 अँप जातात आणि 14.4 वॉट तयार होतात, लहान सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता, तीही नखाएवढ्या छापील पट्टीत. ती पट्टी तडकते आणि सर्किट उघडं पडतं, म्हणजे करंटची वाट तुटते. या मीटरला उघडं सर्किट म्हणजे 180 च्याही पुढे, म्हणून काटा फुल ओलांडून बसतो. तुम्ही लिहिलेलं लक्षण तंतोतंत हेच आहे.

परत आलेलं युनिट भिंगाखाली बघितलं. सिरॅमिकच्या प्लेटवर एका ओळीत बारीक पट्ट्या आहेत, त्यांच्यावरून पत्ती सरकते. तपकिरी डाग आणि केसासारखा तडा फक्त 10 ओहमच्या टोकाला आहे. बाकी सगळ्या पट्ट्या स्वच्छ चमकतात, पत्ती फिरल्याची नुसती पुसट रेघ दिसते. वापराने झिजलेला ट्रॅक असा कधीच दिसत नाही. झीज होते ती मधल्या भागात, जिथे टाकीची पातळी जास्त वेळ असते. कारण दांडा वरून खाली पूर्ण फिरल्याने ट्रॅक फारसा झिजत नाही. रस्त्यावर डिझेल हिंदकळतं, पत्ती त्याच दोन-तीन पट्ट्यांवर दिवसभर मागे-पुढे घासते, आणि घासून निघालेली पूड तिथेच साठते. मग काटा एका ठराविक जागी उड्या मारायला लागतो. तुमच्या ट्रॅकवर यातलं काही नाही. फोटो या उत्तराखाली जोडलाय.

आता मूळ दुखण्याबद्दल, कारण बॅटरी लावण्याआधीही काटा चुकतच होता, हे मान्यच आहे. तुम्ही टाकलेल्या तिसऱ्या फोटोत युनिटची काळी (अर्थची) वायर चेसिसवर रंगाच्या वरूनच स्क्रूने आवळलेली दिसते, आणि वॉशरखाली गंज आहे. अर्थिंगमध्ये जो रोध वाढतो तो सरळ युनिटच्या रीडिंगमध्ये मिळतो. अशा जोडणीत 40 ओहम वाढले तर रिकाम्या टाकीला 10 ऐवजी 50 दिसतात आणि काटा जवळपास पावावर उभा राहतो. डिझेल संपलेलं असतं, काटा मात्र "आहे" म्हणतो. नवीन बसवलं तेव्हा स्क्रू रंगातून थोडा आत चावलेला असणार म्हणून चाललं, पावसात गंज चढल्यावर बिघडलं. तुमच्या जागी कोणीही युनिटवरच संशय घेतला असता, तेही समजतं.

तपासायला मल्टिमीटर पुरे. किल्ली बंद ठेवून, 200 ओहमच्या रेंजवर, एक टोक युनिटच्या अर्थ टर्मिनलला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. मल्टिमीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध वजा करून अर्ध्या ओहमच्या आत यायला हवं. जास्त आलं तर रंग खरवडून उघड्या पत्र्यावर रिंग टर्मिनल बसवा, दातेरी वॉशर घाला, वरून ग्रीस लावा. मग सॉकेट काढून युनिटच्या दोन टर्मिनलवर मल्टिमीटर लावा आणि फ्लोट हळूहळू उचला. 10 पासून 180 पर्यंत आकडा टप्प्याटप्प्याने चढला पाहिजे, मध्येच तुटता कामा नये. डॅशबोर्डचं मीटर तपासायचं असेल तर युनिटच्या जागी 10 ओहमचा रेझिस्टर लावला की काटा खाली आणि 180 चा लावला की वर गेला पाहिजे. थेट बॅटरी कुठेच लागत नाही. उघड्या टाकीजवळ ठिणगी पडू शकते हे तर त्याहून गंभीर. पेट्रोलच्या गाडीवर कोणी असं केलं तर युनिट राहू द्या, माणूस भाजेल. तुमच्या मेकॅनिकला हे आमच्यातर्फे जरूर सांगा.

"एवढ्याशा तारेचे 1850" याबद्दल. आमच्या युनिटमध्ये तार नाहीच. बाजारात 450 ला मिळतं त्यात असते, पर्टिनॅक्सच्या (कागद आणि रेझिनच्या पुठ्ठ्यासारख्या) पट्टीवर गुंडाळलेली. पत्ती त्या वेढ्यांवर घासत राहते, तार पातळ होत एके ठिकाणी तुटते. आमची प्लेट 96 टक्के ॲल्युमिनाची, म्हणजे सिरॅमिकची. तिच्यावर रेझिस्टरची शाई आणि पट्ट्यांची शाई वेगवेगळी छापून सुमारे 850 अंशांवर भाजतात. पत्ती फक्त पट्ट्यांवरून फिरते, रेझिस्टरला ती शिवतही नाही, त्यामुळे घासून ओहम बदलत नाहीत. पत्तीला एकापेक्षा जास्त बोटं आहेत, एक उसळलं तरी दुसरं टेकलेलं राहतं. तिचा दाब कमी ठेवला तर मळावरून घसरते आणि काटा नाचतो, जास्त ठेवला तर पट्ट्या खरवडते. हा दाब प्रत्येक युनिटवर तपासला जातो.

खरा पैसा पट्ट्यांच्या शाईत जातो. ती नुसत्या चांदीची केली तर स्वस्त पडते, पण इंधनातला सल्फर चांदीला काळी करतो आणि त्या काळ्या थरातून करंट नीट जात नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 इंधनात सल्फर 10 पीपीएमवर (दहा लाखांत 10 भागांवर) आला, त्याआधी बीएस-4 ला 50 होता. त्यामुळे आता साधी चांदी चालेल असं म्हणणारे भेटतात. चालत नाही. एकूण सल्फर कितीही कमी असो, त्यातला चांदीला धरणारा थोडासा अंश पुरतो. 2004 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा आणि आसपासच्या भागात पेट्रोलमधल्या अशाच सल्फरमुळे असंख्य गाड्यांचे फ्यूएल गेज बंद पडले होते. म्हणून आम्ही चांदीत पॅलॅडियम हा महागडा धातू घातलेली शाई वापरतो आणि पॅलॅडियमच्या भावाने किंमत वर जाते. ती वगळून 900 रुपयांत युनिट देता येईल. आम्ही देत नाही, कारण वर्ष-दीड वर्षात तेच गिऱ्हाईक काटा नाचतो म्हणून परत येईल.

"टाकी फुल केली तरी काटा फुलला जात नव्हता" हे दांड्याच्या मापाचं आहे. दांडा ज्यावर फिरतो तो बोल्ट टाकीच्या निम्म्या खोलीवर यावा आणि दांड्याची लांबी खोलीच्या 0.7 पट असावी. 30 सेंटिमीटर खोल टाकीला बोल्ट 15 वर, दांडा 21 चा. तुमच्या फोटोत तो बराच लांब वाटतो, म्हणजे फ्लोट वरच्या पत्र्याला आधीच टेकत असणार.

थेट बॅटरीने जळालेला ट्रॅक वॉरंटीत बसत नाही, हे बिलाच्या मागे छापलेलं आहे आणि आमच्या मुलाने फोनवर तेच सांगितलं. आवाज चढला असेल तर त्याला समज दिली आहे. तरीही सिरॅमिक प्लेट आम्ही आमच्या खर्चाने बदलून देतो, परतीचं कुरिअर तेवढं तुमच्याकडे. सोबत अर्थिंगची तयार वायर आणि दातेरी वॉशर टाकतो. "बॅटरी थेट लावू नये" हे माहितीपत्रकात बारीक अक्षरात आहे, पुढच्या छपाईत ते मोठं करून घेऊ. फोनसाठीही लवकरच काहीतरी सोय करतोय.

स्टार किती द्यायचे ते तुम्हीच ठरवा. फोटो बघून आणि अर्थिंग मोजून झाल्यावर "डुप्लिकेट" हा एक शब्द मात्र काढावा, एवढी विनंती. मोजलेला आकडा इथेच खाली लिहिलात तरी चालेल. युनिट कोणत्या पत्त्यावर पाठवायचं तेही कळवा, उद्याच्या कुरिअरने निघेल.