गाडीला उष्णता

आमच्या गाडीला उष्णता झालीय, हे निदान सगळ्यात आधी सासूबाईंनी केलं. "रोज भर दुपारी बाहेर काढता तिला, दुसरं काय होणार?" असं म्हणून त्या सब्जाचं पाणी करायला आत गेल्या. पाणी माझ्यासाठी होतं, पण ग्लास दोन होते.

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर मुक्काम ठोकून असतो, कधी ४३ पर्यंतही जातो. अशा गावात गाडीच्या टेम्परेचरचा काटा मधली रेघ ओलांडून वर सरकायला लागला, तर कुणाला त्याचं सुतक नसतं. "हितं माणसं तापायलीत, तुम्ही गाडीचं काय घेऊन बसलाव!" हे मी दूधवाल्यापासून साडूपर्यंत सगळ्यांच्या तोंडून ऐकलंय. कुणी विचारत नाही की काटा वर का जातोय. ऊन आहे ना? मग झालं!

खरं म्हणजे उन्हाचा यात दोष फार थोडा. इंजिन नव्वद अंशांच्या आगेमागे तापलेलं असावं, अशीच त्याची रचना असते. इंजिनला गार ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटेत थर्मोस्टॅट नावाचा एक वॉल्व्ह बसलेला असतो. पाणी ऐंशीच्या वर चांगलं तापल्याशिवाय तो त्याला रेडिएटरकडे सोडतच नाही. सोडल्यावर ते पाणी बारीक नळ्यांतून फिरतं, जाळीतून हवा जाते, पाणी निवतं आणि परत कामावर रुजू होतं. आता नव्वद अंशांच्या पाण्यापुढे आपली ४३ ची हवा गारच म्हणायची. धडधाकट रेडिएटर सोलापूरचा मे महिना हूं का चूं न करता काढतो. काटा चढतोय म्हणजे कुठंतरी पाणी कमी आहे, वाट तुंबलीय, नाहीतर पंखा झोपलाय. हे व्याख्यान मी घरात दिलं तेव्हा आमच्या हिने शांतपणे विचारलं, "मग आता काय करायचं?" वरच्या मजल्यावरचे काका जिन्यातूनच ओरडले, "पाणी टाका!"

पाणी टाका. सोलापूरकराला तापलेल्या गाडीवर दुसरं औषध ठाऊक नाही. काका एसटीच्या डेपोतून रिटायर झालेले, त्यामुळे त्यांचा शब्द बिल्डिंगमध्ये शेवटचा. मग रोज सकाळी बॉनेट उघडायचं, इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण काढायचं आणि आत तांब्याभर पाणी ओतायचं, असा नेम सुरू झाला. हिने दोन-चार दिवस बघितलं आणि मग तोंड उघडलं. "आपल्या नळाला पाणी चार दिवसांआड, आणि ही महाराणी रोज पिणार? जातं कुठं ते पाणी?"

एवढ्या सगळ्या तज्ज्ञांत हा प्रश्न विचारणारी ती एकटीच निघाली. बंद नळ्यांत फिरणारं पाणी संपायलाच नको. रोज कमी होतंय म्हणजे रोज कुठंतरी सांडतंय.

पण काकांना त्याहून मोठा प्रश्न पडला होता, तो म्हणजे पाणी कुठलं टाकायचं. नळाचं की बोअरचं, की फिल्टरचं? यावर पार्किंगमध्ये जी परिषद भरली तिच्यात गाडी सोडून सगळे बोलले. आमच्या भागातल्या बोअरच्या पाण्याची कीर्ती अशी की बादलीच्या कडेला त्याचा पांढरा थर बसतो आणि गीझरची कॉइल तासून काढावी लागते. ज्या गृहस्थांकडून मी ही गाडी सेकंडहँड घेतली, त्यांनी ती वर्षानुवर्षं याच पाण्यावर पोसली होती. "इंजिन गार ठेवायला कूलंट कशाला विकत घ्यायचं? आपल्या बोअरला बारमाही पाणी आहे," असं त्यांनी व्यवहार पुरा झाल्यावर चहा पिताना अभिमानाने सांगितलं. तोवर चेक वटला होता.

मग एके दिवशी गाडीखाली ओल सापडली. काकांनी वाकून पाहिलं आणि मला म्हणाले, "बोट लावून चाखा. गोड लागलं तर कूलंट, नाय लागलं तर एसीचं पाणी." मी म्हटलं, काका, तुम्हीच चाखा, तुमचा अनुभव दांडगा. त्यांना नेमकं घरून बोलावणं आलं. बरंच झालं म्हणायचं. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, ते गोडसर असतं आणि विषारीही. मांजर-कुत्र्यांनी चाटलं तर ती मरतात. चाखायची काही गरजही नसते. एसीचं पाणी बिनरंगी आणि बिनवासाचं असतं, हाताला साधं लागतं. कूलंट हिरवं, लाल नाहीतर निळं असतं, बोटांना बुळबुळीत लागतं आणि वाळलं की मागे पांढरट डाग ठेवतं. आमच्या गाडीत कूलंट नव्हतंच. त्यामुळे खालची ओल एसीची की बोअरची, यावर परिषद पुन्हा भरली.

खरा तमाशा पुढेच होता. सासूबाईंना पंढरपूरला दर्शनाला नेलं होतं. परतताना मोहोळ गेलं, हायवेवर गाडीने वेग घेतला आणि काटा चढायला लागला. शहरात सिग्नलला उभं राहिल्यावर गाडी तापत असेल आणि रस्त्याला लागल्यावर निवत असेल, तर संशय पंख्यावर घ्यावा. आमचं उलटं. गावात बरी, हायवेवर ऐंशीच्या वेगाला तापायची. समोरून वारा भणाणा येत असतानाही तापते म्हणजे हवा मिळतेय, पण नळ्यांतून पाणी पुरेसं फिरत नाही. हे मला तेव्हाच कळत होतं. पण कळून करता काय? मागच्या सीटवर सासूबाई, मांडीवर प्रसादाची पिशवी आणि सोलापूर अजून बरंच लांब.

अशा वेळी वेग कमी करायचा, एसी बंद करायचा आणि हीटर चालू करायचा. हो, हीटर! हीटरच्या आतही एक छोटा रेडिएटर असतो. इंजिनची गरमी तो गाडीच्या आत आणून सोडतो, तेवढाच इंजिनला उतारा. शास्त्र अगदी बरोबर आहे. फक्त मे महिन्यातल्या दुपारी सासूबाईंच्या अंगावर ते सोडायचं असतं.

मी नॉब फिरवला, पंखा चारवर ठेवला. आत जी हवा आली तिचं वर्णन करत नाही. चारही काचा खाली घेतल्या, तर बाहेरून लू आणि आतून हीटर यांची आमच्या तोंडापाशी गाठ पडली. मागून आवाज आला, "एसी बिघडला का हो?" मी म्हटलं, "नाही आई, हीटर लावलाय." नंतरची शांतता सोलापूरच्या वेशीवरच्या बाळे गावापर्यंत टिकली. हिने आईच्या तोंडाला ओला रुमाल लावला आणि माझ्याकडे जे पाहिलं, त्यात लग्नापासूनचा सगळा हिशेब होता. पण काटा दोन रेघा खाली आला! मी एकटाच खुश होतो.

जुन्या पुणे नाक्यावर मात्र हीटरमधून एकदम गार हवा यायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "आता कसं बरं वाटतंय." माझ्या पोटात गोळा आला. इंजिन तापलेलं आणि हीटर गार, म्हणजे हीटरपर्यंत पाणीच पोचत नाही. गाडी कडेला घेऊन बंद केली, तोवर बॉनेटच्या फटीतून वाफ निघत होती.

गर्दी जमायला सोलापुरात मिनिट लागत नाही. एकाने "बॉनेट खोल रे" म्हटलं, दुसरा तेलुगूत काहीतरी बोलला आणि त्यावर तिघं हसले, तिसऱ्याने कन्नडमधून काळजी व्यक्त केली. एक उत्साही तरुण खांद्यावरचा टॉवेल हाताला गुंडाळून थेट झाकणाकडे झेपावला. मी त्याचं मनगट धरलं. त्या झाकणावर १.१ असा आकडा छापलेला असतो, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढे बार जादा दाब ते आत कोंडून ठेवतं (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा). सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच, त्यामुळे इथं उघड्या भांड्यातलं पाणी शंभरच्याही थोडं आधीच उकळतं. पण त्या झाकणाखाली ते १२० अंशांपर्यंत न उकळता दम धरून बसतं. झाकण सुटलं की दाब जातो आणि सगळं पाणी एका झटक्यात वाफ व्हायला बघतं. त्यापुढे सोलापुरी टॉवेल कितीही जाड असला तरी काय करणार? पोरगा म्हणाला, "मग काय बे, नुसतं बघत बसायचं?" मी म्हटलं, हो, अर्धा तास तरी. यावर निम्मी गर्दी नाराज होऊन पांगली.

उरलेल्यांत एक ट्रकवाले मामा होते. "हळद टाका," ते म्हणाले. "मूठभर हळद रेडिएटरमध्ये, लीक बंद." ही चेष्टा नव्हती. कितीतरी ड्रायव्हर हा उपाय करतात, आणि बारीक छिद्र असेल तर हळद फुगून ते तात्पुरतं बुजतंही. पण छिद्र बुजवणारी हळद नळीही बुजवते. हे मी बोलायच्या आत दुसऱ्याने विचारलं, "सांगलीची चालंल का?" मामांनी गंभीरपणे सांगितलं, "राजापुरी घ्या. वाटंत कुठं आडकायचं नसंल, तर मालात काटकसर नको."

गाडी ओढून नेली. पहिल्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला, "थर्मोस्टॅट काढून टाकू." थर्मोस्टॅट काढला तर पाणी सारखं फिरत राहतं आणि इंजिन वेळेत तापत नाही, मग पेट्रोल जास्त खातं आणि थंडीत कुरकुरतं. मी तसं म्हटलं तर तो हसला. "सोलापुरात थंडी हाय कुठं सायेब? जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेपुरती!" उत्तर बिनतोड होतं, तरी मी गाडी तिथून काढली.

दुसरा मिस्त्री अक्कलकोट रोडच्या बाजूचा, वयस्क, मोजकं बोलणारा. त्याने आधी ऑइलचं झाकण उघडलं, आतल्या बाजूला पांढरट फेस आहे का बघितलं, मग डिपस्टिक पुसून पाहिली. "हेड वाचलंय," एवढंच म्हणाला. माझ्या जिवात जीव आला. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं पॅकिंग, गेलं असतं तर पाणी ऑइलमध्ये आणि माझी दिवाळी त्याच्या गल्ल्यात गेली असती.

मग गार गाडी चालू करून थोडी तापवली, बंद केली, पंख्याची पिन काढली आणि जाळीवरून पंजा हळूहळू फिरवला. पिन आधी काढायची, कारण हा पंखा किल्ली काढलेली असली तरी मनात येईल तेव्हा फिरतो आणि बोटं नेतो. "हात लावा," म्हणाला. वरचा भाग चटका देत होता, खालचा उजवा कोपरा चक्क गार. "हितं पानीच जायना. निम्म्या नळ्या क्षारानं बुजल्या." तो कोपरा मी बोटाने जरा दाबला, तर जाळीची पाती भुकटी होऊन खाली पडली. नंतर झाकणाच्या जागी त्याने हातपंप बसवला, दाब भरला आणि विडी पेटवली. डायलचा काटा इतका सावकाश उतरत होता की मला उतरतोय हेच कळलं नाही. विडी संपली तेव्हा प्लॅस्टिकच्या टाकीच्या आणि जाळीच्या सांध्यातून एक थेंब आला, थांबला, मोठा झाला आणि पडला. गार असताना हीच फट मिटलेली असायची. सकाळी पार्किंगमध्ये आम्ही सगळे वाकून वाकून बघायचो तेव्हा काही दिसायचं नाही, ते यामुळे.

पूर्वी तांब्या-पितळेचे रेडिएटर यायचे. वरची टाकी झाळ सोडवून उतरवायची, नळ्यांतून पट्टी घालून क्षार काढायचा, परत झाळायचं, की पुढची काही वर्षं निर्धास्त. आता अॅल्युमिनियमची जाळी आणि तिच्यावर दाबून बसवलेली प्लॅस्टिकची टाकी. मिस्त्री म्हणाला, "सांधा परत दाबून देतो, पर आतलं काय? नवाच टाका." खर्च ठरवताना तो पोऱ्याशी तेलुगूत बोलला, रेडिएटरवाल्याशी कन्नडमध्ये, स्पेअर पार्टवाल्याशी फोनवर हिंदीत आणि माझ्याशी मराठीत. आकडा चारही भाषांत तेवढाच राहिला, याचं मला कौतुक वाटलं.

नवा रेडिएटर, नवं झाकण, वरचा फुगलेला होज पाइप, क्लिपा. मग निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर. ते बारीक धारेनं ओतायचं, हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, झाकण न लावता इंजिन चालू ठेवायचं आणि होज हाताने दाबत आतली हवा काढायची. बुडबुडे थांबेपर्यंत मिस्त्रीने मला जवळून हलू दिलं नाही. हवा आत राहिली तर नव्या रेडिएटरलाही जुनाच रोग लागतो म्हणे.

जुना रेडिएटर मिस्त्री ठेवून घेणार होता. हिने फोनवरून आदेश दिला, "घरी आणा." भंगारवाला आला, त्याने तो उलटा-सुलटा केला. "तांब्याचा असता तर बात वेगळी," म्हणाला. प्लॅस्टिकच्या टाक्या तोडून बाजूला काढल्या. मग जाळी हलवून बघितली आणि आतल्या क्षाराचं वजन कापणार म्हणाला.

"अजिबात कापायचं नाही," ही म्हणाली. "क्षार पण आम्ही गाडीबरोबर विकतच घेतलाय."

त्याने क्षारासकट मोजलं. आलेल्या पैशांत अर्धा किलो शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं एक पुडकं आलं. चटणी जरा जास्तच तिखट निघाली.