शार्कला कॅन्सर होतो

‘शाळेत न शिकवलेली नऊ सत्यं’ अशा मथळ्याची एक यादी व्हॉट्सॲपवर फिरते आहे. प्राणी, खेळ, सिनेमा, धंदा, शहरं, सगळं थोडं थोडं. शेवटी ‘मुलांना नक्की वाचून दाखवा’ अशी प्रेमळ आज्ञा. आजवर ती आली की मी न वाचता पुसून टाकत होते. आता ती माझ्या आत्याकडे पोचली. आत्याची केमो चालू आहे. तिने यादीतला चौथा मुद्दा तेवढा मला पाठवला: ‘शार्कला कॅन्सर होत नाही, कारण त्याच्या अंगात हाडं नसून कूर्चा (नाका-कानात असतो तसला लवचीक भाग) असते. म्हणून शार्कच्या कूर्चेच्या गोळ्या कॅन्सरवर गुणकारी.’ खाली तिचा प्रश्न, ‘मागवू का गं?’

तेव्हा आधी चौथा मुद्दा. बाकीचे थांबतील.

शार्कला कॅन्सर होतो. शार्कच्या अंगातल्या गाठींची नोंद विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. २००४ मध्ये ‘कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात गॅरी ऑस्ट्रँडर आणि सहकाऱ्यांनी शार्क आणि त्यांच्या नात्यातल्या माशांमधल्या ४२ गाठींचा हिशेबच मांडला. त्यातल्या काही चक्क कूर्चेच्या होत्या. आणि समजा नसता होत, तरी त्याची कूर्चा गिळून आपल्याला काय मिळणार? हत्तींना त्यांच्या आकारमानाच्या मानाने कॅन्सर फार कमी होतो. गाठींना आवर घालणाऱ्या एका जनुकाच्या त्यांच्याकडे सुमारे २० प्रती असतात, आपल्याकडे एकच. म्हणून हत्तीच्या गोळ्या काढायच्या का?

यात अर्धं सत्य आहे, आणि नाइलाजाने का होईना, ते सांगायला हवं. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. गाठीला वाढायचं तर नव्या रक्तवाहिन्या लागतात. त्या फुटू न देणारं काही कूर्चेत असेल का, हा प्रश्न रास्तच होता. १९८३ मध्ये ॲन ली आणि रॉबर्ट लँगर यांनी शार्कच्या कूर्चेच्या अर्कात असं काही असल्याचं ‘सायन्स’मध्ये दाखवलं. पण तिथे अर्क गाठीच्या अगदी शेजारी ठेवला होता. गोळी पोटात जाते, आणि पोटात प्रथिनं पचतात. १९९२ मध्ये या दाव्यावर अमेरिकेत एक पुस्तक निघालं, ते खपलं, आणि मधली ही अडचण गाळून गोळ्या-भुकट्यांचा धंदा सुरू झाला.

तरीही शास्त्रज्ञांनी पोटातून देऊन पाहिलं. फुफ्फुसाच्या तिसऱ्या टप्प्यातल्या कॅन्सरचे ३७९ रुग्ण, सगळ्यांना केमो आणि रेडिएशन. त्यातल्या काहींना वर शार्कच्या कूर्चेचा शुद्ध केलेला अर्क, बाकीच्यांना औषध नसलेलं तसंच दिसणारं द्रव. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. निकाल २०१० मध्ये छापून आला. अर्क घेणारे निम्मे रुग्ण १४.४ महिन्यांहून जास्त जगले, न घेणारे निम्मे १५.६ महिन्यांहून जास्त. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नाही, म्हणजे अर्काने नुकसान झालं असंही म्हणता येत नाही. पण फायदा कुठे आहे? हा तर काळजीपूर्वक बनवलेला अर्क होता. ऑनलाइन मिळणाऱ्या डबीत काय असतं ते विकणाराच जाणे.

‘सोबत घेतलं तर बिघडतं काय?’ हेही ऐकून झालं. कूर्चेच्या भुकटीत कॅल्शियम भरपूर असतं आणि ती घेणाऱ्यांच्या रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढल्याच्या नोंदी आहेत. केमोने आधीच मळमळणाऱ्या माणसाला आणखी मळमळ होते ती वेगळीच. आत्याला मी ‘नको’ एवढंच लिहिलं आणि तिच्या डॉक्टरांना विचारायला सांगितलं.

बाकीचे मुद्दे कोणाचा जीव घेणार नाहीत, त्यामुळे भराभर. ऑलिम्पिकचं सुवर्णपदक शुद्ध सोन्याचं नसतं. ते चांदीचं असतं, वर किमान ६ ग्रॅम सोन्याचा मुलामा. शेवटची अस्सल सोन्याची पदकं १९१२ मध्ये स्टॉकहोमला दिली गेली, म्हणजे ही माहिती शंभर वर्षांहून शिळी आहे. इस्तंबूल ‘दोन खंडांवर वसलेली जगातली एकमेव राजधानी’ नाही, कारण ती राजधानीच नाही. १९२३ पासून तो मान अंकाराला आहे. आणि दोन खंडांवर वसलेलं शहर हवं असेल तर कझाकस्तानातलं उरल नदीकाठचं अतिराऊ आहेच. कोका-कोला मुळात हिरवा नव्हता, बाटलीची काच हिरवट होती. शहामृग वाळूत डोकं खुपसत नाही. गोल्डफिशला आठवडेच्या आठवडे लक्षात राहतं.

वॉल्ट डिस्नेचा देह कुठेही गोठवून ठेवलेला नाही. १५ डिसेंबर १९६६ ला तो गेला आणि दोनच दिवसांत त्याचं दहन झालं. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९६७ मध्ये, जेम्स बेडफर्ड नावाच्या प्राध्यापकाचा देह मात्र खरोखर गोठवला गेला. दोन बातम्यांची सरमिसळ तिथेच झाली असावी. त्याच डिस्नेच्या कंपनीने यादीतला आणखी एक मुद्दा जगाला दिला: लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून उड्या मारून सामूहिक आत्महत्या करतात म्हणे. १९५८ च्या त्यांच्या माहितीपटात हे दृश्य आहे. ते कॅनडातल्या अल्बर्टात, बाहेरून आणलेल्या लेमिंगांना कड्यावरून पाण्यात लोटून चित्रित केलं होतं. माहितीपटाला ऑस्कर मिळालं. १९८२ मध्ये कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने हा बनाव उघडा पाडला, तरी उड्या अजून चालूच आहेत.

राहिला नववा. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. हे बरोबर आहे. दोन कल्ल्यांना रक्त पुरवतात, एक उरलेल्या शरीराला, आणि पोहताना हे तिसरं बंद पडतं, म्हणून तो शक्यतो सरपटतच फिरतो. यातला सगळ्यात मजेदार भाग शेवटचा, आणि नेमका तोच यादीत नाही.