‘रोज दहा अक्षरं, वर्षभरात चिनी’ : हिशेब कुठे चुकतो

चिनी शिकण्याबद्दलचा एक मजकूर अधूनमधून फिरत येतो. शब्द बदलतात, सूत्र तेच. रोज दहा अक्षरं पाठ करा, वर्षात साडेतीन हजार होतात, तेवढ्यात चिनी पेपर वाचता येतो. या भाषेला व्याकरण नाही. सूर, म्हणजे शब्दाचा अर्थच बदलणारे उच्चारातले चढउतार, कानावर पडून आपोआप बसतात. ध्येय एकच ठेवा, एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची सर्वांत वरची पातळी. एकही दिवस खाडा नको. मग नोकरी दारात उभी. आणि एवढं सांगूनही जमलं नाही, तर तुमच्यात जिद्दच नाही.

मी ही भाषा शिकवतो, आणि मला त्यातल्या शेवटच्या वाक्याचा राग येतो. आधीची वाक्यं ज्यांनी प्रामाणिकपणे पाळली, तीच माणसं चौथ्या-पाचव्या महिन्यात ‘भाषा हा आपला प्रांत नव्हे’ म्हणत वही मिटतात. त्यांचा उत्साह कमी पडलेला नसतो. त्यांना आखून दिलेलं ध्येयच चुकीच्या हिशेबावर उभं असतं.

‘रोज दहा, वर्षात साडेतीन हजार.’ आकडा हवेतला नाही, हे आधी मान्य करू. चीनने १९८८ मध्ये नेहमीच्या वापरातल्या अक्षरांची जी यादी काढली, ती ३५०० चीच होती. त्यातली पहिली २५०० अक्षरं ओळखता आली तर छापील मजकुरातली जवळपास ९८ टक्के अक्षरं ओळखीची निघतात. इथवर ठीक. आता चिनी शाळांकडे बघा. २०११ च्या तिथल्या अभ्यासक्रमात प्राथमिकच्या सहा वर्षांत मिळून सुमारे ३००० अक्षरं ओळखणं आणि २५०० लिहिता येणं अपेक्षित होतं. ही मुलं घरीदारी चिनीच ऐकतात, शाळेत दिवसभर चिनीतच शिकतात. त्यांना सहा वर्षं, आणि ऑफिसातून थकून आलेल्या आपल्याला एक!

बरं, अक्षरं पाठ झाली म्हणून वाचता येतं, हेही खरं नाही. शब्द बहुतेक वेळा दोन अक्षरांच्या जोडीने बनतो, आणि जोडीचा अर्थ सुट्या अक्षरांवरून नेहमी कळतोच असं नाही. ‘ता’ या अक्षराचा मूळ अर्थ मारणे. पण फोनसाठीही ‘ता’, टॅक्सी पकडायलाही ‘ता’, बेत आखायलाही ‘ता’ आणि दुकानदाराने सूट द्यायलाही ‘ता’. आपण गप्पा मारतो, उडी मारतो, शिक्का मारतो, त्यातलाच प्रकार. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाने ‘मारणे म्हणजे ठोकणे’ एवढंच पाठ केलं, तर गप्पा मारणाऱ्यांबद्दल त्याचं काय मत होईल? म्हणून अक्षरं मोजू नयेत. शब्द मोजावेत, तेही वाक्यात भेटलेले.

शिवाय या हिशेबात उजळणीचा रकाना गायब आहे. अंकीसारखं, शब्दांची कार्डं ठरावीक दिवसांनी परत विचारणारं अ‍ॅप वापरणाऱ्यांचा ढोबळ अनुभव असा, की रोज दहा नवी कार्डं घातली तर काही आठवड्यांनी रोजची उजळणी सत्तर ते शंभर कार्डांवर जाते. ‘रोज दहा’ हे निव्वळ नव्याचं काम झालं. गणपतीत आठवडाभर गावी गेलात, की परतल्यावर स्क्रीनवर तीनचारशे कार्डं थकलेली दिसतात. ती बघून अ‍ॅप बंद करणारा माणूस आळशी नसतो. त्याने सुरुवातीला दहाऐवजी चार घातली असती, तर तो आजही शिकत असता.

‘सूर कानावर पडून बसतात.’ नाही बसत. निदान मोठ्या माणसांचे तरी नाही. ‘माय’ हा उच्चार खाली दाबून काढला तर विकत घेणे, वरून खाली तोडला तर विकणे. व्यवहाराच्या दोन्ही बाजू आणि मध्ये फक्त सूर. आपल्या लोकांची यात एक खास खोड आहे. वहीत ते देवनागरीत ‘माय’ लिहून ठेवतात, दोन्हींसाठी एकच, आणि महिनाभराने घेतलं की विकलं हे वहीलाही सांगता येत नाही. दुसरी खोड म्हणजे प्रश्न विचारताना वाक्याचं शेपूट वर उचलायची. चिनीत तसं केलं की शेवटच्या शब्दाचा सूर बिघडलाच म्हणून समजा.

पहिल्या दोन महिन्यांचं ध्येय द्यायचंच असेल, तर मी अक्षरांचं देत नाही. दोन-दोन शब्दांच्या जोड्या ऐकून सूर बिनचूक ओळखणं आणि स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकून चूक पकडणं, एवढंच. चिनीतल्या चार सुरांपैकी तिसरा, म्हणजे ‘विकत घेणे’मधला खाली दाबलेला, लागोपाठ दोन शब्दांत आला की त्यातल्या आधीच्या शब्दाला दुसरा, म्हणजे वर चढणारा सूर लागतो. ‘नी हाव’ (नमस्कार) म्हणताना प्रत्येकजण हा नियम नकळत वापरतो आणि पुढच्याच वाक्यात विसरतो.

इथे मराठी माणसाला एक फायदा आहे, ज्याचा त्या मजकुरात उल्लेखही नाही, कारण तो बहुधा इंग्रजीवरून उचललेला असतो. रोमन लिपीतल्या चिनीत ‘बी’ आणि ‘पी’ ही अक्षरं दिसतात, पण त्यांच्यातला फरक श्वासाचा असतो, आपल्या प आणि फ सारखा. इंग्रजी बोलणाऱ्याला क आणि ख वेगळे ऐकायला शिकवावं लागतं, आपल्याला बाळबोध शिकतानाच येतं. ‘चमचा’मधला च आणि ‘चहा’मधला च वेगळे आहेत, हेही मराठी कान जाणतो, आणि चिनीतला ‘झेड’ने लिहिला जाणारा ध्वनी म्हणजे जवळजवळ तो चमच्यातला पहिला च. रोमन अक्षर इंग्रजीसारखं वाचायची सवय सोडली, की हे भांडवल वापरता येतं.

‘व्याकरण नाही.’ क्रियापदं चालवावी लागत नाहीत, लिंग नाही, विभक्ती नाही, हे खरं. पण मोजायला लागलात की प्रत्येक वस्तूचं वेगळं मापपद : पुस्तकाला एक, टेबल आणि कागदाला दुसरं, मासा, रस्ता आणि पँट यांना मिळून तिसरं. वाक्याच्या शेवटी येणारं ‘ल’ हे भूतकाळाचं चिन्ह समजून लोक वर्षभर चुकतात. ‘पाऊस येणार आता’ या वाक्यातही ते येतं, कारण ते परिस्थिती बदलल्याचं सांगतं. उलट जिथे इंग्रजीवाले अडखळतात तिथे आपण सुटतो. ‘मी काल घेतलेलं पुस्तक’ ही रचना चिनीत शब्दाला शब्द याच क्रमाने येते. मधे इंग्रजी आणून शिकलात तर ही सोय हातची जाते.

‘ध्येय एकच, परीक्षेची वरची पातळी.’ मला वाटतं सर्वाधिक नुकसान हे वाक्य करतं. २०१० पासूनच्या सहा पातळ्यांच्या एचएसकेमध्ये अपेक्षित शब्द असे होते : १५०, ३००, ६००, १२००, २५००, ५०००. दर पायरीला एकूण शब्द जवळपास दुप्पट. पहिल्या तीन पातळ्या मिळून ६०० शब्द. चौथीवरून पाचवीवर जायला एकट्या १३०० शब्दांची भर, पाचवीवरून सहावीवर २५०० ची. पण शिकणाऱ्याच्या डोक्यातला आराखडा कसा असतो? दर सहा महिन्यांना एक पातळी. पहिल्या तीन तशा होतातही, क्वचित लवकरच. चौथीला वेळ पुरत नाही, पाचवीला वर्ष उलटतं आणि माणूस स्वतःलाच विचारतो, पूर्वीचा मी कुठे गेलो? तो तिथेच असतो. पायऱ्या उंच झालेल्या असतात.

त्यात २०२१ मध्ये नऊ पातळ्यांची नवी मानकं आली, ज्यांत पहिल्याच पातळीला ५०० शब्द आणि शेवटाला ११,०९२. तेव्हा कोणी ‘मी तिसरी पातळी झालो’ म्हटलं, तर कुठल्या यादीतली, हे आधी विचारावं लागतं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांना चिनीसाठी सुमारे २२०० तास वर्गात बसवते, हिंदीसाठी त्याच्या निम्मे. आपला आकडा थोडा वेगळा येईल. पण रोज तासभर दिला तरी २२०० तासांना सहा वर्षं लागतात.

परीक्षा देऊ नये असं मी म्हणत नाही. ती मधला थांबा म्हणून चांगली. ध्येय मात्र कामाच्या भाषेत लिहावं : पुरवठादाराचा तीन ओळींचा निरोप शब्दकोश न उघडता वाचणं, शेजारच्या चिनी कुटुंबाशी पाच मिनिटं मुलांच्या शाळेबद्दल बोलणं, एका मालिकेतला एकच प्रसंग उपशीर्षकं झाकून समजणं. असं ध्येय पूर्ण झालं की नाही, हे त्याच संध्याकाळी कळतं.

‘एकही दिवस खाडा नको.’ थोडक्यात सांगतो. रोज थोडं ऐकावं, याबद्दल वाद नाही. पण रात्री पावणेबाराला साखळी तुटू नये म्हणून सोप्यातला सोपा धडा उरकणं म्हणजे साखळीचा अभ्यास, चिनीचा नव्हे. आठवड्याचे तास ठरवा, दोन दिवस मोकळे सोडा.

‘नोकरी दारात.’ भाषेला मागणी असते, पण ती दिल्ली आणि बीजिंगच्या संबंधांबरोबर वरखाली होते. तळेगावचंच बघा. ग्रेट वॉल मोटर्सने २०२० च्या जूनमध्ये तिथल्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी ३७७० कोटींचा करार केला. त्याच महिन्यात गलवान घडलं, शेजारी देशांच्या गुंतवणुकीवर एप्रिलपासूनच सरकारी परवानगीची अट होती, आणि २०२२ मध्ये कंपनीने तो बेत सोडला. वीचॅट या चिनी निरोपांच्या अ‍ॅपवर भारतात बंदी आली ती याच काळात, म्हणजे चिनी मित्राशी गप्पा मारायची सरळ वाटही गेली. २०२० मध्ये निव्वळ नोकरीसाठी शिकत असलेल्यांचं कारणच कोणीतरी परस्पर काढून घेतलं. ज्यांचं दुसरं एखादं कारण होतं, अगदी चिनी स्वयंपाकाचं किंवा ह्युएन त्संगच्या प्रवासाचं, त्यांचा अभ्यास चालू राहिला.

राहता राहिली जिद्द. तिचं उदाहरण म्हणून सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचं नाव हमखास घेतलं जातं. १९३८ मध्ये ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, चिनी शिकले, त्याच भाषेत रुग्णांशी बोलले आणि विद्यार्थ्यांना शिकवू लागले, १९४२ च्या डिसेंबरमध्ये तिथेच वारले. जिद्द होतीच. पण समोर जखमी सैनिक, त्याला कुठे दुखतंय हे त्याच्याच भाषेत विचारायचं, आणि आजूबाजूला मराठीचा एक शब्द नाही, हेही होतं. १९४७ मध्ये पेकिंग विद्यापीठात शिकायला गेलेले वसंत परांजपे १९५४ मध्ये नेहरू आणि माओ यांच्या भेटीत दुभाषे होते. मध्ये सात वर्षं आहेत. या दोघांकडून उचलायचं तर गरज निर्माण करणं उचलावं : आठवड्यातून दोनदा असा माणूस, ज्याच्याशी चिनीशिवाय इलाज नाही. तो ऑनलाइन शिक्षक असेल, नाहीतर बरोबरीने शिकणारा मित्र.

आणि तीनचारशे कार्डांचा ढीग साचलाच असेल, तर तो उपसत बसू नका. जुनी कार्डं बाजूला ठेवा, नवी घालणं पंधरा दिवस थांबवा, आणि एक सोपी गोष्टींची पुस्तिका घेऊन रोज एक पान मोठ्याने वाचा. त्यात जे शब्द अडतील, तेवढेच परत अ‍ॅपमध्ये घाला.