‘चमचाभर खाणं, 30 हजार बिल’: त्या फॉरवर्डला उत्तर

नाशिकच्या बहुतेक ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. सोबत फोटो: परातीएवढी पांढरी बशी, मधोमध दोन पानं, एक फूल आणि हिरव्या चटणीसारखा ठिपका. मजकूर थोडक्यात असा. जगातली ‘नंबर वन’ हॉटेलं म्हणजे शुद्ध लूट. चमचाभर खायला घालायचं आणि 30 हजार उकळायचे. पदार्थात सगळी केमिकलं. स्टार देणारी कंपनी टायर विकते, तशी स्टारही विकते. गोऱ्यांना आपली मिसळ दिसत नाही. आणि ‘नवीन शोध’ म्हणून जे मिरवतात ते आपल्या आज्या कधीच करून मोकळ्या झाल्या. शेवटी नेहमीचंच: नाशिककर असल्याचा अभिमान असेल तर पुढे पाठवा.

अभिमान आहे, तरी पाठवला नाही. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकलंय, आणि या हॉटेलांवर जी खरी तक्रार करता येईल तिचा मेसेजमध्ये पत्ताच नाही.

‘पोट भरत नाही’ हे आधी उरकून टाकू. फोटोतली बशी म्हणजे अख्खं जेवण नव्हे. अशा ठिकाणी वीस-तीस पदार्थ एकामागून एक येतात आणि जेवण तीन-चार तास चालतं. पंगतीत पानाच्या डाव्या बाजूला वाढलेली चिमूटभर चटणी बघून ‘एवढंच?’ असं कोणी विचारत नाही. आता त्या पानाफुलांचं. अशा बशीचा एक मूळपुरुष म्हणजे फ्रान्समधल्या लाग्योल गावचा शेफ मिशेल ब्रास. 1980 च्या सुमाराला त्याने ‘गार्गुयू’ नावाचा पदार्थ मांडायला सुरुवात केली. त्यात पन्नासाहून जास्त भाज्या, कोंब, पानं आणि फुलं असतात, आणि भाज्या एकत्र न शिजवता ज्याला जेवढी आच हवी तेवढी देऊन वेगवेगळ्या शिजवतात. बाजारात काय आलं त्यावर बशी रोज बदलते. गवार आणि दोडका एकाच पातेल्यात टाकून दोन्ही नीट शिजवून दाखवा, मग फोटोला हसा.

‘सगळी केमिकलं.’ हा आरोप मुख्यतः स्पेनच्या शेफ फेरान आद्रियावर आहे, मेसेजमध्ये त्याचं नाव नसलं तरी. कातालोनियातल्या रोझेस गावाजवळ त्याचं ‘एल बुल्ली’ नावाचं हॉटेल होतं. 2003 मध्ये तिथे खरबुजाच्या रसाचे माशाच्या अंड्यांसारखे बारीक मणी वाढले गेले आणि जगभरच्या स्वयंपाकघरांत खळबळ उडाली. त्यामागची गंमत अशी. सोडियम अल्जिनेट नावाची पूड तपकिरी समुद्री शेवाळापासून निघते. ती रसात घोटायची आणि त्या रसाचे थेंब कॅल्शियम मिसळलेल्या पाण्यात सोडायचे. अल्जिनेटच्या लांब साखळ्या कॅल्शियमला भेटल्या की एकमेकींत अडकतात आणि थेंबाभोवती पातळ पडदा धरतो. अडचण एकच: कॅल्शियम आत शिरतच राहतं, त्यामुळे मणी लगेच खाल्ला नाही तर काही वेळात आतपर्यंत गच्च होतो.

2005 मध्ये त्यांनी प्रकार उलटा केला. कॅल्शियम पदार्थात, अल्जिनेट बाहेरच्या पाण्यात. आता पडदा बाहेरच्या बाजूने वाढतो, साध्या पाण्यात विसळला की थांबतो, आणि आतलं द्रव तसंच राहतं. दह्यात तर कॅल्शियम मुळातच असतं! कोलकात्याचा गगन आनंद एल बुल्लीच्या मंडळींकडे शिकून आला आणि बँकॉकमधल्या आपल्या हॉटेलात त्याने मसाला घातलेल्या दह्याचा असाच गोळा वाढायला सुरुवात केली. पांढराशुभ्र गोळा चमच्यात थरथरत असतो. तो टाळ्याला लावला की फुटतो आणि तोंडभर चाटवाल्याचं दही. 2015 ते 2018 अशी सलग चार वर्षं ते हॉटेल ‘एशियाज फिफ्टी बेस्ट’ या आशियातल्या उत्तम हॉटेलांच्या यादीत पहिलं होतं.

यातलं केमिकल कुठलं? अल्जिनेटपासून कृत्रिम चेरी बनवण्याचं पेटंट 1940 च्या दशकातलं आहे, म्हणजे कारखान्यांना ही युक्ती आद्रियाच्या कितीतरी आधी ठाऊक होती. आपल्या घरातली चायना ग्रास हीसुद्धा शेवाळापासूनच निघते. पेठा करताना कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत टाकतात, त्या पाकात उकळूनही कुरकुरीत राहतात त्या कॅल्शियममुळेच. पापडखाराबद्दल तर बोलायलाच नको. तो मिसळीबरोबर येणाऱ्या पापडात असतो, आणि तो पापड खाऊनच हा मेसेज पुढे ढकलला जातोय.

‘स्टार विकत मिळतात.’ टायरवाली गोष्ट खरी आहे. मिशेलिन बंधूंनी 1900 मध्ये गाडीवाल्यांसाठी गाइड काढलं. लोकांनी लांबवर गाडी हाकावी, टायर झिजावेत, हा सरळ हिशेब होता. 1926 पासून हॉटेलांना स्टार मिळू लागले आणि 1931 मध्ये एक-दोन-तीन अशी उतरंड आली. तपासनीस नाव न सांगता येतो, जेवतो, बिल भरून जातो. एकेका हॉटेलाने पैसे चारून स्टार मिळवायचा असता तर ब्रासच्या मुलाने, सेबास्तियाँने, 2017 मध्ये ‘आमचं नाव गाइडमधून काढा’ अशी विनंती केली नसती. तीन स्टार असताना केली, रोजचं दडपण नको म्हणून.

पैशाचा संबंध आहे, पण तो वेगळ्या दारातून. थायलंडच्या पर्यटन प्राधिकरणाने 2017 मध्ये पाच वर्षांसाठी 14 कोटी 40 लाख बाट मोजले आणि मिशेलिनचं गाइड देशात आणवलं. गाइड कुठल्या देशात निघणार हे अशा करारांवर बरंच ठरतं. यावर जरूर टीका करा, मीही करीन. मेसेजने आणखी एक घोळ घातलाय: ‘नंबर वन’ ही भानगड मिशेलिनची नाहीच. ती ‘वर्ल्ड्स फिफ्टी बेस्ट’ या 2002 पासूनच्या दुसऱ्याच यादीची. ती जगभरच्या शेफ, पत्रकार आणि खवय्यांच्या मतांवर ठरते. तिथे ओळखीपाळखी चालतात असं म्हणायला जागा आहे. पण दोन वेगळ्या गोष्टींना एकच शिवी घालून कसं चालेल?

आता मिसळ. मिशेलिनचं भारतासाठी गाइडच नाही. तपासनीस गंगापूर रोडला आला, तर्री बघून नाक मुरडून गेला, असं काही घडलेलं नाही. तो आलाच नाही. मुंबई-दिल्लीच्या बड्या हॉटेलांनाही मिशेलिनचा स्टार नाही तो याच कारणाने. जिथे गाइड आहे तिथलं बघा. 2016 मध्ये सिंगापूरच्या फूड सेंटरमधल्या एका गाळ्याला स्टार मिळाला. सोया सॉसमधली कोंबडी आणि भात, किंमत दोन सिंगापूर डॉलरच्या आसपास. बँकॉकच्या जे फाय या आजीबाई डोळ्यांना स्कीइंगचा चष्मा लावून कोळशाच्या भट्टीवर खेकड्याचं ऑम्लेट तळतात; त्यांना 2017 च्या अखेरीस मिळाला. 2024 मध्ये मेक्सिको सिटीच्या एका टाकोवाल्याला मिळाला, त्याचं दुकान आपल्याकडच्या झेरॉक्सच्या गाळ्याएवढं आहे. भारतीय चवीचं म्हणाल तर दुबईच्या ‘त्रेसिंद स्टुडिओ’ला, म्हणजे हिमांशू सैनीच्या हॉटेलाला, 2025 मध्ये तीन स्टार मिळाले. भारतीय जेवणाच्या हॉटेलाला तीन स्टार मिळण्याची ती पहिलीच वेळ.

मिसळीला स्टार मिळावा का, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. रविवारी मखमलाबादकडच्या मळ्यांतल्या मिसळीसाठी जेवढ्या गाड्या लागतात, त्यात आणखी बाहेरगावच्या गाड्यांची भर कशाला?

सगळ्यात जास्त टाळ्या ‘हे सगळं आपल्या आज्यांनी केलंय’ या वाक्याला मिळतात. अर्धं खरं असल्यामुळे त्याला जरा वेळ देतो.

आपल्याच जिल्ह्यातला कसमादे पट्टा घ्या. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा. तिथे मांडे करणारी बाई काम करताना जवळून बघा. वस्त्रगाळ पिठाची कणीक तासन्‌तास मुरलेली, तेलपाण्याने तिंबून लोण्यासारखी झालेली. पुरण भरलेला गोळा ती आधी थोडा लाटते, मग पोळपाट बाजूला. पोळी दोन्ही हातांवर घेते, बांगड्या कोपराकडे सरकवलेल्या, आणि मनगटांवरून फिरवत फिरवत ती वाढवते. पोळी आपल्याच वजनाने लोंबते, पुरण आत सारखं पसरतं, खालची बोटं आरपार दिसू लागतात. एका झोक्यात ती चुलीवरच्या उपड्या खापरावर पडते. सुरकुती पडली तर ती काढायला वेळ नसतो. असं काम जगातल्या कुठल्याही तीन स्टारवाल्या स्वयंपाकघरात दाखवलं तर लोक हातातलं सोडून बघत उभे राहतील.

मग आद्रियाने वेगळं काय केलं? लिहून ठेवलं. एल बुल्लीच्या पदार्थांना वर्षवार क्रमांक आहेत, एकूण 1846. कुठली युक्ती कधी सापडली, कशावरून सुचली, फसली तर का, याची नोंद आहे. कोपनहेगनच्या ‘नोमा’ हॉटेलाने, म्हणजे शेफ रेने रेझेपीच्या मंडळींनी, आंबवण्यावरचे आपले प्रयोग 2018 मध्ये छापून टाकले: भाजीच्या वजनाच्या 2 टक्के मीठ, अमुक तापमान, इतके दिवस. आपल्या लोणच्याचं प्रमाण ‘अंदाजाने’ असतं आणि आजीबरोबरच जातं. मुक्ताईच्या मांड्यांसाठी ज्ञानोबांनी पाठ तापवली ही कथा निवृत्तिनाथांच्या त्र्यंबकेश्वरात लहान पोरही सांगेल. कणकेत पाणी किती आणि ती किती वेळ मुरवायची, हे विचारा बरं. आजीचं श्रेय मागणाऱ्या या मेसेजमध्ये एकाही आजीची एकही कृती नाही.

पेरूच्या लिमा शहरातलं ‘सेंत्राल’ हे हॉटेल 2023 मध्ये ‘वर्ल्ड्स फिफ्टी बेस्ट’च्या यादीत पहिलं आलं. व्हिर्जिलिओ मार्टिनेस आणि पिया लिऑन हे शेफ जोडपं ते चालवतं. त्यांचं पान समुद्रसपाटीपासूनच्या उंचीप्रमाणे मांडलेलं असतं. एक पदार्थ समुद्राच्या पोटातला, पुढचा वाळवंटातला, मग अँडीज चढत चार हजार मीटरवरचे बटाटे. त्यासाठी व्हिर्जिलिओच्या बहिणीसोबत त्यांनी वेगळी संस्था काढली; ती माणसं डोंगरात जातात, शेतकऱ्यांकडून कंद आणि वनस्पती समजून घेतात, नोंदी करतात. हे पेरूतच होतं असं थोडंच आहे? आपल्या जिल्ह्यात इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि येवल्याकडे पाचशेच्या आसपास. सुरगाणा-पेठची नागली आणि वरई, इगतपुरीचा भात, दिंडोरीची द्राक्षं, निफाडचा कांदा, पूर्वेकडची बाजरी, वर साल्हेरचा माथा 1567 मीटरवर. पावसाप्रमाणे पान मांडायचं म्हटलं तर घाटापासून येवल्यापर्यंत एक अख्खं जेवण उभं राहतं. मुंबईत ‘मास्क’सारख्या हॉटेलाने 2016 पासून देशी जिन्नस हुडकून पान मांडायचं काम केलंय. नाशकात अजून आपण मिसळीसोबत जिलेबी द्यायची की गुलाबजाम, याच शोधात आहोत.

राहिली ‘लूट’. 30 हजारांचं बिल, कच्चा माल 300 चा, बाकी सगळा नफा, असं मेसेजचं गणित आहे. एल बुल्लीत एका रात्री पन्नासेक पाहुणे जेवायचे आणि स्वयंपाकघरात चाळीसच्या आसपास माणसं राबायची. वर्षातले सहाएक महिने हॉटेल बंद, तेव्हा बार्सिलोनातल्या कार्यशाळेत पुढच्या मोसमाचे प्रयोग. हॉटेल आणि कार्यशाळा मिळून वर्षाला पाच लाख युरोचा तोटा होतो, असं आद्रियाने 2010 मध्ये सांगितलं. भरपाई पुस्तकांतून आणि भाषणांतून व्हायची. 30 जुलै 2011 ला हॉटेल बंद झालं. नोमा पाच वेळा जगात पहिलं आलं, तरी जानेवारी 2023 मध्ये रेझेपीने जाहीर केलं की या पद्धतीचं हॉटेल आता चालवता येत नाही.

हा डोलारा इतकी वर्षं उभा राहिला कसा? बिनपगारी हातांवर. जगभरातून शिकायला आलेली पोरं महिनोन्‌महिने पानं निवडत, शेंगा सोलत, पदार्थावर मुंग्या (हो, खायच्याच) वेचून लावत, आणि त्यांना मिळायचा तो बायोडेटातला एक ओळीचा उल्लेख. नोमाने शिकाऊंना पगार द्यायला सुरुवात केली ऑक्टोबर 2022 मध्ये, हॉटेल सुरू झाल्यावर जवळपास वीस वर्षांनी. आपण स्वयंपाकघरात माणसांवर कसे ओरडायचो, त्यांना कसं वागवायचो, हे रेझेपीने 2015 मध्ये स्वतःच लिहिलंय. या लोकांच्या कल्पकतेचा मी चाहता आहे, पण ही बाजू मला पचत नाही. मेसेज लिहिणाऱ्याला झोडायचंच होतं तर इथे झोडायला हवं होतं. बशीतल्या दोन पानांवर विनोद करणं अर्थात सोपं पडतं.

आपल्याकडे हॉटेल मॅनेजमेंट शिकलेल्या पोरांना अशा नामवंत स्वयंपाकघरांची भुरळ असते, आणि ती असावीच. फक्त ऑफर आली की आईबापांनी आनंदाच्या भरात तिकीट काढायच्या आधी चार गोष्टी लेखी मागाव्यात: महिन्याला हातात किती मिळणार, राहण्याचा खर्च कोणाचा, आठवड्याचे तास किती, आणि आजारी पडला तर दवाखान्याचं कोण बघणार.