चित्र एक, प्लॅन चार

गणपतीच्या आमंत्रणासाठी एआयने चित्रं काढून देणाऱ्या साइटवरून एक चित्र हवं होतं, बस. तर समोर चार प्लॅन! अहो, चित्र हवंय मला, गृहकर्ज नाही. महिन्याचा म्हणून ठळक छापलेला आकडा वर्षाचे पैसे एकदम भरले तरच लागू. तोही डॉलरमध्ये. वर १८ टक्के जीएसटी, शिवाय बँकेचं परकीय चलनाचं शुल्क वेगळंच.

आणि ती क्रेडिट्स, म्हणजे प्लॅनबरोबर मिळणारे, दर चित्रामागे कापले जाणारे गुण! मूषकाला दोन शेपट्या आल्या तरी क्रेडिट कापलंच. 'श्री गणेशाय नमः' लिहायला सांगितलं, तर वेलांटी भलतीकडेच आणि 'णे' म्हणजे चक्क जिलेबी. पाच वेळा काढून घेतलं, पाचही वेळा पैसे माझेच गेले. उरलेली क्रेडिट्स महिनाअखेरीला गुल. चित्र खासगी ठेवायचंय? मग वरचा प्लॅन घ्या!