'समाजकार्यही केले' यातला 'ही'

पणजीत सांतिनेजला एका लहानशा कॅफेच्या भिंतीवर ऑड्री हेपबर्नचे ते सर्वांच्या ओळखीचे छायाचित्र लावलेले आहे. काळा पोशाख, गळ्यात मोत्यांचे सर, हातात लांब सिगारेट-होल्डर. गेल्या इफ्फीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, वेळी दोन चित्रपटांच्या मधल्या वेळात आम्ही तिथे बसलो असताना त्या छायाचित्रावरून विषय निघाला आणि एक मित्र सहज म्हणाला, अभिनेत्री म्हणून ती थोर होतीच, शिवाय उतारवयात तिने समाजकार्यही केले. त्या वाक्यातला 'ही' मला तेव्हापासून टोचतो आहे. त्या गडबडीत नीट बोलता आले नाही, म्हणून आज इथे सविस्तर लिहिते.

ऑड्रीचा जन्म ४ मे १९२९ चा, ब्रसेल्सचा. ती सहा वर्षांची असताना वडील घर सोडून गेले. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा हॉलंड तटस्थ राहील या भरवशावर आई तिला घेऊन आर्नहेमला आली आणि पुढच्याच मे महिन्यात जर्मन फौजा तिथे शिरल्या. १९४२ मध्ये तिच्या मावशीच्या यजमानांना जर्मनांनी ओलीस धरून गोळ्या घातल्या. या काळात ही मुलगी बॅले शिकत होती. बंद दारांच्या, काळे पडदे ओढलेल्या घरांत ती मोजक्या लोकांसमोर नृत्य करी आणि त्यातून जमलेले पैसे जर्मनांविरुद्ध गुप्तपणे लढणाऱ्यांना दिले जात. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नृत्य संपल्यावर कोणी टाळ्या वाजवत नसे. तसे प्रेक्षक आपल्याला पुन्हा कधीच लाभले नाहीत, असे ती पुढे सांगत असे. म्हणजे लोकांसमोर उभे राहायचे आणि लोकांच्या नजरा आपल्यावर खिळल्या की त्यातून दुसऱ्या कोणाची गरज भागवायची, हे ती चौदा-पंधराव्या वर्षीच करत होती. हॉलिवूड त्यानंतर आले.

मग १९४४-४५ चा हिवाळा आला. डच लोक त्याला आजही 'भुकेचा हिवाळा' म्हणतात. रेल्वे कामगारांच्या संपावर सूड म्हणून जर्मनांनी पश्चिम हॉलंडचा अन्नपुरवठा तोडला, कालवे गोठले आणि वीस हजारांच्या आसपास माणसे दगावली. ऑड्रीच्या भागातही अन्न उरले नव्हते. ट्यूलिपचे कंद दळून केलेले पीठ लोक खात होते. तिला पंडुरोग झाला, पाय सुजले. मुक्तीनंतर संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन संस्थेच्या पेट्या आल्या, त्यांत अन्न, औषधे, कपडे होते. संयुक्त राष्ट्रांची मुलांसाठी काम करणारी संस्था युनिसेफ १९४६ मध्ये याच कामाच्या पायावर उभी राहिली. या पेट्यांचा उल्लेख ती आयुष्यभर करत राहिली आणि आपण युनिसेफसाठी का काम करतो, याचे तिच्याकडे हेच एक उत्तर होते.

चित्रपटांविषयी इथे थोडक्यातच लिहिते, कारण ते सर्वांना माहीत आहेत. उपासमारीने दुबळे झालेले शरीर आणि उंची यांमुळे बॅलेत पहिल्या रांगेत जाता येणार नाही, हे लंडनमध्ये कळून चुकले, तेव्हा ती रंगभूमीकडे वळली. १९५३ मध्ये 'रोमन हॉलिडे' आला आणि त्यासाठी वयाच्या चोविसाव्या वर्षी तिला ऑस्कर मिळाले. तिच्या भूमिकांत मला स्वतःला १९५९ चा 'द नन्स स्टोरी' सर्वांत मोठा वाटतो. काँगोतील रुग्णालयात सेवा करणाऱ्या जोगिणीच्या त्या भूमिकेत कपडे आणि केशरचना यांचा कसलाच आधार नाही, जे काही आहे ते केवळ डोळ्यांत आहे. त्याच सुमारास ॲन फ्रँकची, म्हणजे नाझींपासून लपून राहून डायरी लिहिणाऱ्या मुलीची, भूमिका तिच्याकडे चालून आली होती. दोघी एकाच वर्षी जन्मलेल्या, दोघींचे बालपण एकाच व्याप्त देशात गेलेले. तिने नकार दिला, कारण ते तिला सोसणारे नव्हते. मात्र १९९० मध्ये युनिसेफच्या मदतीसाठी तिने वाद्यवृंदासह त्याच डायरीतील उतारे जाहीरपणे वाचले. जे पडद्यावर करवले नाही ते मुलांसाठी केले, आणि माझ्या मित्राला द्यायचे खरे उत्तर मला इथेच सापडते.

१९८८ च्या मार्चमध्ये ती युनिसेफतर्फे दुष्काळग्रस्त इथिओपियात गेली, तेव्हा तिचे वय अठ्ठावन्न होते. पुढच्या साडेचार वर्षांत तुर्कस्तान, सुदान, बांगलादेश, व्हिएतनाम आणि लॅटिन अमेरिकेतील अनेक देश तिने पाहिले. जॉन आयझॅक हे छायाचित्रकार तिच्यासोबत असत. मुलांच्या अंगावर माश्या बसलेल्या असल्या तरी ती सरळ जाऊन त्यांना मिठीत घेई, असे त्यांनी सांगितले आहे.

तुर्कस्तानातील लसीकरण मोहिमेविषयी तिने सांगितलेली गोष्ट मी आईला वाचून दाखवली होती. सैन्याने ट्रक दिले, मासळीवाल्यांनी आपल्या गाड्या लस नेण्यासाठी दिल्या आणि दहा दिवसांत देशभर लसीकरण झाले. माझी आई गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात अंगणवाडी सेविका होती. पल्स पोलिओच्या रविवारी पहाटे वाळपईहून आलेला लसीचा निळा डबा खांद्याला अडकवून ती वाड्यावाड्यांवर जाई, आतले आइसपॅक वितळू नयेत म्हणून झाकण उगाच उघडू देत नसे, आणि थेंब पाजले की पोराच्या करंगळीला शाई लावी. मासळीच्या गाडीत लस नेली हे ऐकून तिला मुळीच नवल वाटले नाही. 'थंडावा राखायची सवय त्यांच्याएवढी कोणाला असणार,' एवढेच ती म्हणाली. कामातल्या माणसाला कामातले माणूस कसे ओळखू येते, ते मी तेव्हा पाहिले.

१९९२ च्या सप्टेंबरमध्ये ती सोमालियाला गेली. यादवी आणि उपासमार यांनी तो देश पोखरला होता. परतल्यावर पत्रकार परिषदा घेऊन तिने पाहिलेले सांगितले. पोटात दुखत होते. नोव्हेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली, कर्करोग पसरलेला निघाला, आणि २० जानेवारी १९९३ रोजी स्वित्झर्लंडमधील तोलोशना गावी, आपल्या घरी, ती गेली. वय त्रेसष्ट. मानवतावादी कार्यासाठीचा जाँ हर्शोल्ट पुरस्कार दोन महिन्यांनी ऑस्कर सोहळ्यात तिच्या मोठ्या मुलाने स्वीकारला.

इथिओपियातील एका छोट्या मुलीला तिने पाठुंगळीला घेतले आहे आणि मुलगी हसते आहे, असे तिचे एक छायाचित्र आहे. साधा शर्ट, मागे बांधलेले केस, चेहऱ्यावर वय लपवण्याचा प्रयत्न नाही. परवा कॅफेच्या मालकांना ते मोबाइलवर दाखवले आणि विचारले की, काळ्या पोशाखातल्या ऑड्रीशेजारी ही लावाल का. ते बराच वेळ पाहत राहिले आणि 'घेऊन या' म्हणाले. छायाचित्र फ्रेम करायला दिले आहे, शनिवारी मिळेल.